मागचा डाग

अम्मानमध्ये वैबदाच्या टेकडीवर एक कॅफे आहे. त्याच्या गच्चीवर दर गुरुवारी संध्याकाळी छायाचित्रप्रेमींचं मंडळ जमायचं. जमायचं म्हणजे कॅमेरे जमायचे, माणसं ते उचलून आणायची. टेबलावर इतक्या लेन्स मांडलेल्या असत की वेटरला कॉफी ठेवायला जागा सापडत नसे आणि तो बिचारा ट्रे धरून उभाच राही. मंडळात दहा-बारा जण होते, त्यांतले निम्मे दातांचे डॉक्टर. दातांच्या डॉक्टरांनाच हे वेड का लागतं, ते कोणी सांगू शकलेलं नाही. दिवसभर अंधाऱ्या भोकात डोकावून पोट भरणाऱ्याला संध्याकाळी करमणुकीलाही भोकच लागत असावं.

वस्फी त्यांतलाच एक. त्याचा दवाखाना सल्त गावात. आठवडाभर तो लोकांना "तोंड उघडा, अजून उघडा" म्हणायचा, आणि गुरुवारी एखाद्याची दाढ अर्धवट कोरलेली ठेवून गाडी काढायचा ती थेट अम्मानला. माणूस वाईट नव्हता. हात हलका होता, बायकोवर जीव होता, सासरी मान होता. पण गळ्यात कॅमेरा पडला की त्याला माणसं दिसेनाशी व्हायची, प्रकाश दिसायचा.

मंडळाचे प्रमुख उस्ताद जौदत. पांढरी दाढी, खिसेच खिसे असलेलं जाकीट, आणि त्या एकाही खिशात कधी कॅमेरा सापडलेला नाही. फार पूर्वी त्यांनी एका विहिरीच्या दोराचा फोटो काढला होता म्हणे आणि त्याला कुठलंसं बक्षीस मिळालं होतं म्हणे. त्यानंतर ते फक्त सल्ला देत. उंटावरून शेळ्या हाकणं ही आमच्या मुलखात नुसती म्हण नाही, लोकांचं रोजचं काम आहे. पण उंटही नाही आणि शेळ्याही नाहीत, तरी नुसतं हाकत राहायचं, हे उस्तादांनाच जमावं.

त्यांचा एक सल्ला मंडळात वेदवाक्यासारखा चाले. "लेन्स आवळायची नाही. एवढी मोठ्या तोंडाची लेन्स घ्यायची आणि तोंड मिटून वापरायची, म्हणजे लग्न करून बायको माहेरी ठेवण्यासारखं आहे."

लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवलं की जिथे नेम धरला तेवढंच स्वच्छ येतं आणि पुढचं-मागचं सगळं लोण्यासारखं वितळून जातं. मंडळी या वितळण्यावर फिदा होती. त्याला आमच्याकडे शब्द आहे, अझल. म्हणजे बाजूला काढणं. गर्दीतून एखादा चेहरा बाजूला काढला की मंडळात वाहवा व्हायची, "काय बाजूला काढलाय!" हाच शब्द दुसरीकडेही वापरतात. मंत्र्याला, मुख्याध्यापकाला, बैठकीच्या प्रमुखाला पदावरून उचलून फेकला की त्याचंही अझल होतं. पण फोटोवाल्यांना फोटोपलीकडे शब्द असतात हे ठाऊक नव्हतं.

जो दिवसभर लोकांना "अजून उघडा" म्हणतो त्याला हा सल्ला न पटला तरच नवल. वस्फीनं दुबईतल्या चुलत भावाकडून मंडळातली सगळ्यात मोठ्या तोंडाची लेन्स मागवली. वजन वरवंट्याएवढं. आमच्याकडे लेन्सला आणि मसुरीच्या दाण्याला एकच शब्द असल्यामुळे सासूबाई, म्हणजे उम्म राकान, ती हातात घेऊन म्हणाल्या, "जावईबापू, मसुरीचा एवढा एकच दाणा घेतलात? पोतंभर आणला असतात तर गल्लीला सूप पाजलं असतं." तेव्हापासून सासरी त्या लेन्सचं नाव मसूर पडलं.

वस्फीची बायको नुहाद या मसुरीबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. तिला एकच गोष्ट हवी होती आणि ती तिनं एका सकाळी चहा ओतता ओतता मागितली.

"मोठे काका तयार झालेत," ती म्हणाली. "शुक्रवारी बैठकीत समेट आहे."

वस्फीनं कप खाली ठेवला. ही बातमी साधी नव्हती. नुहादचे वडील अबू राकान आणि तिचे मोठे काका अबू निझार हे सख्खे भाऊ बारा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. घराण्याची जी बैठक आहे, जिथे लग्नं ठरतात, मयताला माणसं जमतात, तिचे प्रमुख अबू निझार होते. छपराच्या दुरुस्तीवरून काहीतरी बिनसलं, सभा भरली आणि थोरल्याला बाजूला काढायचं ठरलं. हात वर करणाऱ्यांत धाकटा भाऊही होता. "मी काही पहिला नव्हतो, तिसरा होतो," असं अबू राकान आजही सांगतात, जणू तिसऱ्या हाताला पाप लागत नाही. थोरले त्या दिवशी कॉफीचा कप तसाच ठेवून उठले ते बैठकीत परत आले नाहीत. नुहादला त्यांनी खांद्यावर बसवून वाढवली होती, पण तिच्या लग्नालाही आले नाहीत. लग्नाच्या फोटोत वडिलांच्या शेजारी एक खुर्ची रिकामी आहे. ती तिनं कोणाला बसू दिली नव्हती.

आता अबू राकान यांची बायपास ठरली होती. महिनाअखेरीस.

"बाबांचं काही बरंवाईट व्हायच्या आत मला एक फोटो पाहिजे," नुहाद म्हणाली. "बाबा आणि मोठे काका, शेजारी शेजारी. बैठकीत लावायला. दुसरं काही नको. मोबाइलवर काढलास तरी चालेल."

"मोबाइलवर!" वस्फीला ते इतकं लागलं की पुढचं त्यानं ऐकलंच नाही.

त्या संध्याकाळी त्यानं मंडळाच्या ग्रुपवर विचारलं, दोन म्हातारे, खिडकीचा प्रकाश, काय करावं? सल्ल्यांचा नुसता पाऊस पडला. एक म्हणाला तिवई ने, दुसरा म्हणाला तिवई नेशील तर तुझं माझं तुटलं. एक म्हणाला काळं-पांढरं कर. डॉक्टर मुराद म्हणून एक दाढी कोरलेला दंतवैद्य होता, त्यानं म्हाताऱ्यांच्या सुरकुत्यांना कुठलं तेल लावावं ते कळवलं. त्या म्हाताऱ्यांचं आपसांत काय आहे, हे एकानंही विचारलं नाही. शेवटी उस्तादांचा आवाज आला, "जवळच्या माणसाच्या जवळच्या डोळ्यावर नेम धर. मागचं वितळू दे. आणि लेन्स आवळू नकोस."

शुक्रवारी नमाजानंतर बैठक गच्च भरली. अबू निझार आले, उंच, ताठ, काठी न टेकता. दाराशी क्षणभर थबकले. अबू राकान उठून पुढे गेले आणि काही बोलायच्या आत थोरल्यानं त्यांना मिठीत घेतलं. बारा वर्षं धरून ठेवलेलं रडू दोन्ही म्हाताऱ्यांच्या तोंडून एकदमच बाहेर पडलं. बायकांच्या बाजूनं आनंदाचे चीत्कार उठले. नुहादनं वळून नवऱ्याकडे पाहिलं.

नवरा खिडकीशी पाठमोरा उभा होता आणि मऊ फडक्यानं मसूर पुसत होता.

"झालं?" तो वळून म्हणाला. "काका, पुन्हा एकदा मिठी माराल का? जरा इकडे तोंड करून. प्रकाश डावीकडून आहे."

अबू निझारांनी डोळे पुसले. "बारा वर्षांनी एकदा जमलीय, पोरा. पुढची आणखी बारा वर्षांनी. तोवर प्रकाश उजवीकडे येईल."

सगळे हसले, वस्फीही हसला. मन्सफची, म्हणजे दह्यात शिजवलेल्या मटण-भाताची, परात झाली, दोघा भावांनी एकाच परातीत हात घातला, थोरल्यानं मांसाचा चांगला तुकडा शोधून धाकट्यापुढे सरकवला. चारी बाजूंनी मोबाइल वर आले. वस्फीनं दोन्ही हात पसरले.

"मोबाइल खिशात ठेवा, कृपा करा! तुमच्या उजेडानं सगळी मजा जाते. फोटो मी काढतोय ना?"

डॉक्टर माणूस, घरचा जावई, लोकांनी मुकाट्यानं मोबाइल ठेवले. मग वस्फी कामाला लागला. खुर्च्या हलवल्या, पडदा सरकवला, दोन काकवांना तिथून उठवलं. अबू राकान यांना खिडकीशी बसवलं आणि थोरल्यांना त्यांच्या मागे, दीड हातावर.

"मी मागे?" अबू निझार म्हणाले.

"मागे नाही हो काका. फोटोला खोली येते त्यानं."

"शेजारी बस म्हणाली होती ना नुहाद?"

"शेजारी सगळेच बसतात," वस्फी म्हणाला.

अबू निझार धाकट्याच्या डोक्यावरून पुतणीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बसतो. मागे बसायची सवय लावलीच आहे तुम्ही मला." कोणीतरी घाईघाईनं हसलं. वस्फीनं सासऱ्यांच्या उजव्या डोळ्यावर नेम धरला आणि खटका दाबला.

घरी मोठ्या स्क्रीनवर तो फोटो उघडला तेव्हा तो खुर्चीतून उठलाच. काय डोळा आला होता! पापणीचा केस न केस मोजून घ्यावा. आणि मागचं सगळं कसं, तूप विरघळल्यासारखं. त्यानं तो नुहादला दाखवला नाही, चकित करायचं होतं. मंडळाला मात्र गुरुवारी दाखवला.

"अरे, काय बाजूला काढलाय!" डॉक्टर मुराद ओरडला.

उस्तादांनी चष्मा कपाळावर चढवला, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "मागचा तो तपकिरी डाग. तो फार सुंदर विरघळलाय."

वस्फीच्या कानांपर्यंत लाली चढली. मंडळात इतकं कौतुक त्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

फोटो दाराएवढा छापून आणला, लाकडी चौकटीत बसवला आणि पुढच्या शुक्रवारी बैठकीच्या भिंतीवर टांगून वर चादर घातली. सगळं घराणं पुन्हा जमलं. अबू निझारांच्या हातात कडू कॉफीचा कप होता, ओठाला लावायचा तेवढा राहिला होता. नुहादनं चादर ओढली.

फोटोत अबू राकान होते, त्यांचा उजवा डोळा होता, डाव्या डोळ्याचंही बरंच काही होतं. त्यांच्या मागे एक तपकिरी ढग होता आणि ढगाला वरच्या बाजूला काहीतरी पांढरं गुंडाळलेलं होतं.

अबू निझारांनी चष्मा काढला, डोक्याच्या रुमालाच्या टोकानं पुसला आणि पुन्हा लावला. गेल्याच महिन्यात त्यांचा मोतीबिंदू काढला होता. "डॉक्टर म्हणाला होता महिनाभरात स्वच्छ दिसेल," ते पुटपुटले. "माझ्या डोळ्यात परत काही आलं का?"

"तुमचे डोळे ठणठणीत आहेत, भाऊजी," उम्म राकान म्हणाल्या. त्यांना गप्प बसणं आयुष्यात जमलेलं नाही. "तुम्हीच गेलात."

आता इथे शहाण्या माणसानं काय करावं? पाय धरावेत. चूक झाली म्हणावं, कॅमेरा बिघडला म्हणावं, हात हलला म्हणावं. सगळ्यांनी विश्वास ठेवला असता. पण वस्फीच्या कलेचा प्रश्न होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात तसं तो पुढे झाला.

"नाही नाही काका, चूक नाहीये ती. मुद्दाम केलंय."

"मुद्दाम?" अबू निझार म्हणाले.

"हो! हीच तर खरी गंमत. आमच्यात याला बाजूला काढणं म्हणतात. अझल. सगळ्यांना जमत नाही, फार महागाची लेन्स लागते."

अबू राकान यांनी डोळे मिटून घेतले.

"बाजूला काढलं," अबू निझार हळू आवाजात म्हणाले. "मला. याच बैठकीत." मग धाकट्या भावाकडे वळून, अगदी साधेपणानं, "पुन्हा?"

त्यांनी कॉफीचा भरलेला कप तसाच खाली ठेवला आणि निघाले. या खेपेला काठी टेकत गेले.

रात्रभर नुहाद रडली नाही, ओरडली नाही, त्यामुळे वस्फी जास्त घाबरला. सकाळी तिनं विचारलं, "तू तो फोटो घरी किती वेळ बघत होतास?"

"बराच."

"आणि तुला काका दिसले नाहीत?"

वस्फीनं आठवून पाहिलं. पापणी दिसली होती. कडा दिसल्या होत्या. वितळणं दिसलं होतं. "नाही दिसले," तो म्हणाला, आणि हे खरं असल्याचं कळून त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"बाबा दहा दिवसांनी टेबलावर झोपणार आहेत," नुहाद म्हणाली. "कालपासून जेवले नाहीत. म्हणतात, आता कापा नाहीतर ठेवा, सारखंच आहे. वस्फी, हे तू केलंयस. आता जाहा पाठव."

जाहा म्हणजे मध्यस्थांची मंडळी. ज्यानं गुन्हा केला त्यानं तोंड दाखवायचं नसतं, चार प्रतिष्ठित माणसांनी त्याच्यासाठी जायचं. समोर कॉफी आली की कप खाली ठेवायचा आणि मागणी सांगायची. यजमान "कॉफी प्या" म्हणाला की मागणी मान्य. पण घराण्यातला एकही प्रतिष्ठित माणूस वस्फीसाठी जायला तयार होईना.

"मग ज्यांनी सल्ला दिला ते जाऊ देत," नुहाद म्हणाली. "आणि म्हणावं, कॅमेरे घरी ठेवून या."

उस्ताद जौदत आणि चार दंतवैद्य रविवारी संध्याकाळी अबू निझारांच्या दारात उभे राहिले. कॅमेरे प्रत्येकाच्या गळ्यात होते. घरी ठेवायचे म्हणजे नक्की कुठे, हे कोणालाच समजलं नव्हतं. वस्फी बाहेर खिडकीखाली, डाळिंबाच्या झाडाआड उभा राहिला.

कॉफी आली. उस्तादांनी कप रिवाजाप्रमाणे खाली ठेवला. इथवर सगळं ठीक होतं. पण पश्चिमेच्या खिडकीतून तिरपी उन्हं आत आली आणि कपाच्या वाफेवर पडली.

"हलवू नका," डॉक्टर मुराद कुजबुजला.

पुढच्या क्षणी एक जण जमिनीवर पालथा होता, दुसरा गुडघ्यावर, तिसरा कप बोटभर डावीकडे सरकवत होता, आणि उस्ताद वरून सांगत होते, "वाफेवर नाही, कडेवर नेम. कडेवर!"

अबू निझार बघत राहिले. शेवटी म्हणाले, "कॉफीचं लग्न उरकलं असेल तर कशासाठी आलात ते सांगा."

मंडळी ओशाळून उठली. उस्तादांनी घसा साफ केला आणि माफी मागायला सुरुवात केली. पण चार वाक्यांत माफी कुठेतरी घरंगळली आणि लेन्स वर आली. एवढ्या मोठ्या तोंडाची लेन्स मिटून वापरणं हे पाप कसं, जवळचा डोळा कसा धरायचा, मागचं कसं वितळतं. खिडकीखाली वस्फीनं कपाळावर हात मारला. आत अबू निझार मात्र मान डोलावत ऐकत होते.

"मला एक सांगा, उस्ताद. तोंड उघडं ठेवलं म्हणजे एकच माणूस स्वच्छ येतो?"

उस्तादांचा चेहरा उजळला. सबंध सल्तमध्ये त्यांना इतक्या आपुलकीनं कोणी काही विचारलं नव्हतं. "छे छे! एका रेषेत बसवले तर दोघंही येतील. स्वच्छ."

"तोंड न मिटता?"

"न मिटता."

"म्हणजे त्या दिवशी माझी खुर्ची माझ्या भावाच्या शेजारी असती तर आम्ही दोघंही आलो असतो."

"आलाच असतात."

"आणि खुर्ची दीड हात पुढे घ्यायला कुठली लेन्स लागते?"

उस्तादांनी तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं. चारही दंतवैद्य त्यांच्या दातांकडे बघत बसले.

"माझी अट ऐका," अबू निझार म्हणाले. "फोटो पुन्हा निघेल. त्याच बैठकीत, त्याच मसुरीनं. आणि तोंड आवळायचं नाही, पाप लागतं म्हणताय ना. मी आणि माझा भाऊ एका रेषेत. खटका नुहाद दाबेल. आणि त्या दिवशी मी जिथे बसलो होतो, दीड हात मागे, तिथे जावई बसेल. तोच फोटो भिंतीवर लागेल. कबूल?"

उस्तादांनी खिडकीबाहेरच्या डाळिंबाच्या झाडाकडे पाहिलं. "कबूल," ते म्हणाले.

"मग प्या कॉफी. थंड झाली असेल. फोटोत कळणार नाही म्हणा."

शस्त्रक्रियेच्या आदल्या शुक्रवारी बैठक तिसऱ्यांदा भरली. दाराएवढी चौकट उतरवून भिंतीला उलटी टेकवली होती. नुहादनं कॅमेरा पहिल्यांदाच हातात घेतला. वस्फी काही सांगायला पुढे झाला.

"कुठलं बटण ते सांग. सल्ला नको."

त्यानं बटण दाखवलं आणि मागे स्टुलावर जाऊन बसला. पुढे दोघे भाऊ गुडघ्याला गुडघा लावून बसले. अबू राकान यांनी मान वळवून जावयाला आवाज दिला, "हसा, जावईबापू. दिसणार नाही, पण हसा."

वस्फी हसला. मग कपाळावरचे केस नीट केले, आणि ते कशासाठी करतोय हे लक्षात येऊन हात खाली घेतला.

नुहाद नेम धरत होती तेवढ्यात अबू राकान थोरल्याकडे कलून म्हणाले, "परत नाही आलो तर बैठकीच्या छपराकडे बघ रे."

"छप्पर तू बिघडवलंस," अबू निझार म्हणाले. "तूच बघ. त्यासाठी तरी परत ये." आणि धाकट्याचा हात त्यांनी असा गच्च धरला की दोघांनाही हसू आणि रडू एकदमच आलं. नुहादनं तेव्हाच खटका दाबला. तिचे स्वतःचे डोळे इतके भरले होते की समोरचं तिला काही दिसत नव्हतं.

फोटो मात्र सगळं दिसणारा आला. दोन म्हाताऱ्यांचे चार डोळे, ओले, लुकलुकते. एकमेकांत अडकलेली बोटं. थोरल्याच्या मनगटावरचं जुनं घड्याळ. मागे मधोमध काहीतरी निळसर आणि गोल. असा फोटो वस्फीला उभ्या जन्मात काढता आला नव्हता आणि हे त्याला पहिल्या नजरेतच कळलं.

अबू राकान टेबलावरून सुखरूप उठले, आता थोरल्याबरोबर छपरावरून रोज भांडतात. फोटो बैठकीत लागला आहे. पाहुणे येतात, कौतुक करतात, मग जवळ जाऊन डोळे बारीक करून विचारतात, "आणि हा मागचा डाग कसला?"

"तो? जावई आहे आमचा," अबू निझार कॉफीचा घोट घेत सांगतात. "बाजूला काढलाय."

वस्फी तिथे असला तर इतरांबरोबर हसतो. एकदा त्याच्या धाकट्या मुलीनं फोटोपुढे उभं राहून विचारलं, "बाबा, तुम्ही त्या दिवशी कुठे होता?" त्या दिवशी तो हसला नाही. घरी येऊन त्यानं तो फोटो, कोणी काढला काही न सांगता, मंडळाच्या ग्रुपवर टाकला.

अंगठे वर आले, हृदयं आली. डॉक्टर मुरादनं लिहिलं, "काय बाजूला काढलंय दोघांना!" आणि मग उस्तादांचा आवाज आला, संथ आणि तृप्त, "वा. आणि मागचा तो निळा डाग. तो फार सुंदर विरघळलाय."

वस्फीनं ते दोनदा ऐकलं. मग लिहिलं, "उस्ताद, तो डाग मी आहे."

उत्तर लगेच आलं.

"असू दे. लेन्स आवळली नव्हतीस ना?"